निम्म्यावरची लाल रेषा

आमच्या घरात जे जे फिरतं, त्या त्या वस्तूवर लाल रेषा आहे. गॅसच्या बटणावर आहे, गिझरच्या बटणावर आहे, पंख्याच्या रेग्युलेटरवर आहे. बाथरूममधल्या बादलीला तर आतून आहे, ती बिचारी फिरत नाही तरीसुद्धा. रेषा कुठेही असो, बरोबर निम्म्यावर. ही सगळी कलाकुसर माझ्या काकांची. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. राहतात दोन गल्ल्या पलीकडे, पण राज्य करतात आमच्या घरावर. त्यांचं म्हणणं एकच: निम्म्यात भागतं. आणि रेषा कशाने काढल्या, तर आईच्या नेलपॉलिशने. आईनं ती बाटली हौसेनं आणली, एकदा लावली, आणि मग ती जी काकांच्या खिशात गेली ती गेलीच.

माझ्यावर रेषा काढता येत नाही, म्हणून त्यांनी मला नाव ठेवलं. भोंगा. "ए भोंग्या, निम्म्या आवाजात बोल, आम्ही बहिरे नाही." हे ऐकत ऐकत मी एवढी मोठी झाले, आणि मधे काही वर्षं खरंच निम्म्या आवाजात बोलायला लागले. वर्गात उत्तर येत असायचं, पण अशी पुटपुटायचे की बाई विचारायच्या, "मला सांगतेस की बाकाला?"

यंदा मात्र विज्ञानाच्या सरांनी मला स्नेहसंमेलनाच्या साउंडवर घेतलं. मिक्सरवर. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "घरातला मिक्सर लाव म्हटलं तर कानावर हात ठेवतेस, आणि शाळेत कसला लावतेस?" मी तिला समजावलं की त्यात चटणी होत नाही, त्यात सगळे माइक येतात, आणि कुणाचा आवाज किती पुढे न्यायचा हे मिक्सरवर बसलेली व्यक्ती ठरवते. म्हणजे मी ठरवते! पहिल्यांदा मी सरकपट्टी वर सरकवली आणि रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द गेला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मी वर्गातही पूर्ण आवाजात उत्तर देते. चुकलं तर तेही पूर्ण आवाजात चुकते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय, की बाबा ते माझ्याकडून काढून घेणार होते. आणि कशावरून, तर मी घरचा स्पीकर जाळला म्हणून. जो मी जाळला नव्हता.

झालं असं. बाबांच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी घर बदललं आणि त्यांचे मोठे स्पीकर आम्हाला दिले. दोन उंच, दोन मागे ठेवायचे छोटे, आणि एक आडवा, टीव्हीच्या खाली मधोमध ठेवायचा. हा मधला महत्त्वाचा, कारण पडद्यावरची माणसं बोलतात ती याच्यातून. पण स्पीकर नुसते चालत नाहीत, त्यांना आवाज पुरवणारा अँप लागतो. तो निवडायचं काम अर्थातच काकांकडे. स्पीकरच्या पाठीवर लिहिलं होतं शंभर वॅट. काका चाळीस वॅटचा अँप काखोटीला मारून आले.

"शंभर पचवणाऱ्याला चाळीसच वाढायचे," ते सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाले. "निम्म्याच्याही आत! आता मनात आणलं तरी स्पीकर जळायचे नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं."

बाबांनी मान डोलावली. बाबा काकांपुढे नेहमीच मान डोलावतात, त्यांच्या मानेवरही कुठेतरी रेषा असावी. मग खिशातून बाटली निघाली, अँपच्या गोल बटणावर निम्म्यावर लाल रेषा आली, आणि काका माझ्याकडे बघून म्हणाले, "भोंग्या, याच्यापुढे बोट गेलं तर बघ."

माझं बोट गेलं नाही. शप्पथ सांगते. मी गाणी लावायचे, नाचायचे, पण रेषेच्या अलीकडे.

तरी काही महिन्यांनी मधला स्पीकर गेला. पूर्ण बंद नाही पडला, पण त्यातला ट्वीटर गेला. ट्वीटर म्हणजे बारीक, धारदार आवाज काढणारा आतला छोटा गोल भाग. तो गेला की 'स', 'श', 'त', 'च' सगळं पुसून जातं आणि माणसं तोंडात पाण्याची गुळणी धरल्यासारखी बोलतात. काकांनी स्पीकर दुरुस्तीला नेला, नवा ट्वीटर बसवून परत आणला, आणि जळलेली तार पुडीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. केसासारखी बारीक तार, काळी ठिक्कर.

"बघा," काका म्हणाले, "चाळीसच्या अँपवर शंभरचा स्पीकर जळत नाही. जळला याचा अर्थ एकच. कुणीतरी रेषा ओलांडली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं, बाबांनी, आणि आजोबांनीसुद्धा. टेबलाभोवती चार माणसं, आठ डोळे, आणि कुणी साधं विचारलंही नाही की बाई गं, तू केलंस का?

"मी नाही ओलांडली," मी म्हणाले.

"मग काय रेषा आपण होऊन मागे सरकली?" काका हसले. "आणि हिला शाळेत म्हणे साउंडवर बसवलंय! घरचा एक जाळला, तिथे शाळेची अख्खी भिंत आहे स्पीकरची. उद्या भरपाईला कोण, तू जाणारेस का?" हे शेवटचं बाबांना.

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी सोमवारी शाळेत जाऊन सरांना सांगतो, दुसरं कुणी बघा म्हणून."

बस. एवढंच. माझ्याकडे न बघता. जसं काही गॅस सिलिंडर बदलायचाय.

मागच्या वर्षीची मी असते तर खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं असतं. या वर्षीची मी जागेवरून उठले, म्हणाले, "तुम्ही चुकताय," आणि ताट उचलून गेले. ताट जरा आपटलं. जरा नाही, चांगलंच आपटलं. मागून आवाज आला, "बघ, बघ, भोंगा!"

शनिवारी शाळा लवकर सुटली. दाराबाहेरच मला तो आवाज ऐकू आला. कुणी वाळूत घोळून शब्द फेकतंय असा. प्रत्येक 'स' फाटलेला, प्रत्येक 'च' ओरखडा काढणारा. चपला न काढताच आत गेले.

आजोबा टीव्हीसमोर खुर्ची ओढून, पुढे वाकून, कानामागे हात धरून बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं. कानातलं मशीन आहे, पण घालत नाहीत, कारण "त्यात माझंच चावणं मला ऐकू येतं." दुपारी त्यांची एक कोर्टाची मालिका असते. त्यातली वकीलबाई त्यांना फार आवडते, तिचे मुद्दे ते रात्री जेवताना आम्हाला पुन्हा सांगतात. ट्वीटर गेला त्या दिवसांत त्यांनी सांगणं बंद केलं होतं. मला वाटलं मालिका संपली.

मी अँपकडे पाहिलं. बटण बरोबर रेषेवर. केसभरही पुढे नाही. मग आजोबांच्या हाताकडे पाहिलं. हातात टीव्हीच्या डब्याचा, म्हणजे सेट-टॉप बॉक्सचा, रिमोट. पडद्यावर आवाजाची पट्टी, अगदी उजव्या टोकापर्यंत भरलेली.

आणि मला सरांचा मिक्सर आठवला. त्यावर एक लाल दिवा आहे. सर म्हणाले होते, हा लागला की समज, पुढच्या यंत्राची ताकद संपली. याच्यापुढे तू कितीही वाढव, आवाज मोठा होत नाही, नुसता मोडतो. आवाजाच्या लाटेचा शेंडा छाटला जातो, आणि छाटलेल्या लाटेची सगळी धग बिचाऱ्या ट्वीटरला भाजते.

आमच्या अँपला लाल दिवा नव्हता. लाल रेषा होती. आणि ती चुकीच्या जागी होती! टीव्हीचा डबा अँपला आवाज देतो, अँप तो वाढवून स्पीकरला देतो. डब्याकडूनच दणदणीत आवाज आला, तर बटण निम्म्यावर असलं तरी अँपचे चाळीसच्या चाळीस वॅट संपलेले असतात. बटण निम्मं म्हणजे ताकद निम्मी, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? काकांच्या.

"आजोबा!" मी आवाज खाली आणला. "तुम्ही रोज असंच ऐकता?"

ते दचकले. "रेषेच्या पुढे नाही हो गेलो मी," ते लगेच म्हणाले. लहान मुलासारखे. "रेषा मी कधीच ओलांडली नाही. बटणाला हात लावत नाही. हा रिमोट वेगळा, याच्यावर रेषा नाही."

"म्हणजे स्पीकर गेला तेव्हाही?"

"तेव्हा म्हटलं, आपण तर रेषेवरच होतो. म्हणजे तूच असणार." मग माझ्याकडे बघून जरा हळू, "नव्हतीस का तू?"

खरं सांगू? त्या क्षणी मला काकांपेक्षा आजोबांचा राग आला. काकांकडून मी काही अपेक्षाच ठेवत नाही. पण आजोबांनी मला सायकल शिकवलीय. मी खोलीत गेले आणि माझ्या डोक्यात एक विचार आला, तो आला हे मी लपवत नाही. गप्प बसायचं. स्पीकर जळल्यापासून मला तर बटणाला हात लावायची बंदीच आहे. ही मालिका रोज लागणार, पट्टी रोज भरणार, नवा ट्वीटरही जळणार. मग बघू, काका कुणाकडे बघतात! काही न करता मी निर्दोष.

छान विचार होता. फक्त सोमवारच्या आत ट्वीटर जळेल याची खात्री नव्हती. आणि बाहेर आजोबा, मी आवाज कमी केला म्हणून, खुर्ची अजून पुढे ओढत होते. जवळजवळ स्पीकरच्या मांडीवर बसले होते. वकीलबाई काहीतरी सांगत होती आणि ते तिला म्हणत होते, "काय? काय म्हणालीस?"

रविवारी काका जेवायला येतात. आले. जेवण झालं, बडीशेप झाली, ते सोफ्यावर पसरले. मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"काका, अँपचं बटण तुम्ही स्वतः रेषेवर ठेवा."

"का गं? कोर्ट भरलंय का?"

"हो. ठेवा."

बाबा म्हणाले, "अगं, काकांना जरा पडू दे."

"पडू दे ना. आधी बटण ठेवू दे."

माझा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. काका कुरकुरत उठले, चष्मा लावला, बटण रेषेवर आणलं. अगदी काटेकोर. त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

"ओलांडली का रेषा?"

"नाही."

"आता बटणाला कुणीही हात लावायचा नाही." मी मालिकेचा कालचा भाग लावला आणि डब्याचा रिमोट घेऊन पट्टी शेवटपर्यंत नेली. वकीलबाईनं तोंड उघडायचा अवकाश, अख्ख्या खोलीत काचा फुटल्या. आईनं कानावर हात ठेवले. बाबांचा चेहरा आंबट झाला. मी लगेच पट्टी खाली आणून टीव्ही बंद केला, कारण तो ट्वीटर नवा होता आणि मला त्याची दया येत होती.

"हे काय होतं?" बाबांनी विचारलं.

"चाळीस वॅट होते. संपलेले. रेषेच्या अलीकडे."

कुणी काही बोलायच्या आत आजोबा म्हणाले, "मी रोज असंच ऐकतो." मी त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. "ती नव्हती रे. मीच होतो."

काका गर्रकन वळले. "आबा, तुम्ही? मग आधी बोलायचं नाही का? या वयात एवढा मोठा आवाज लावायचा कशाला? आजपासून तो रिमोट..."

आणि मग मी फुटले. आधी काय ठरवलं होतं, सगळं क्रमवार सांगायचं, शांतपणे, सरांसारखं. कसलं काय!

"त्यांचा रिमोट घ्यायचा नाही! त्यांनी तुमची रेषा पाळलीय! मीही पाळलीय! या घरात सगळ्यांनी तुमची रेषा पाळली आणि तरी स्पीकर जळला, म्हणजे चूक कुणाची? रेषेची! हळू वाजतो म्हणून छोटा अँप सुरक्षित, असं नसतं काका. छोटा अँप हळू बोलत नाही. तो घसा फोडून ओरडतो, आणि त्याच्या ओरडण्यानं ट्वीटर भाजतो. एवढी मोठी खोली, एवढे जड स्पीकर, आणि आजोबांना ऐकू येत नाही. त्या अँपला धाप लागते!"

"म्हणजे शंभरच्या स्पीकरला शंभरचा अँप लावू?" काकाही चढले. "का दीडशेचा? एका मिनिटात धूर निघेल!"

"दीडशेचा चालेल. नाही निघणार धूर. कारण स्वच्छ आवाज जास्त झाला की माणूस स्वतःच म्हणतो, पुरे, आणि कमी करतो. फाटका आवाज वाढवला की शब्द कळत नाहीत. मग माणूस म्हणतो, अजून ऐकू येत नाही. आणि अजून वाढवतो."

"अगदी," आजोबा म्हणाले. "अगदी असंच होतं."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मी लहानपणापासून सांगतोय," काका पुटपुटले.

"पाय आधीच घरात होते काका. आखूड अंथरूण तुम्ही विकत आणलंत."

आई फिसकन हसली. तोंडाला पदर लावला, पण हसली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, तशी ती म्हणाली, "भाऊजी, ते नेलपॉलिश माझं होतं," आणि आत निघून गेली. मला आधी कळलंच नाही, याचा इथे काय संबंध.

काका सोफ्यावर बसले. चष्मा पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं. निम्मी चूक माझी."

मला इतका राग आला की मला हसूच आलं. या माणसाला माफीसुद्धा निम्म्यात भागवायची होती!

"उरलेली निम्मी कुणाची?" मी विचारलं.

काकांनी आजोबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग टीव्हीकडे, पण तो बंद होता.

"कुणाची काका? नाव घ्या. माझं घेताना तुम्हाला एक सेकंद लागला नव्हता."

"किती जोरात बोलतेस गं," बाबा म्हणाले. सवयीनं.

"हा माझा आवाज आहे बाबा. फाटतोय का तो?"

बाबांनी या वेळी मान डोलावली नाही, खरंच ऐकत असल्यासारखे बघत राहिले. फाटत नव्हता. मला ठाऊक आहे, आता माझे कान तयार झालेत.

आई बाहेर आली. एका हातात कापसाचा बोळा, दुसऱ्या हातात नेलपॉलिश काढायची छोटी बाटली. म्हणजे तिनं ती इतकी वर्षं जपून ठेवली होती, काढायला बोटांवर काही नसताना. तिनं दोन्ही माझ्या हातात दिलं. मी अँपसमोर बसले आणि घासायला लागले. खोलीभर तो उग्र वास सुटला. रेषा जाड होती, सहज निघत नव्हती, काकांनी दोन हात दिले होते.

"आता तो मोठा अँप आणेपर्यंत?" काका म्हणाले. "कुठे थांबायचं ते कळणार कसं?"

"कानानं. शब्द फाटला की थांबायचं. आजोबांची खुर्ची जवळ घ्यायची आणि मधल्या स्पीकरची मान थोडी वर करून तो त्यांच्याकडे वळवायचा. खाली एक पुस्तक सरकवलं की झालं."

"आणि ते मशीन घालीन मी कानात," आजोबा म्हणाले. "मालिकेपुरतं. तेव्हा मी चावत नाही."

बाबा उठून माझ्या शेजारी येऊन बसले, जमिनीवर. बोळ्यावर लाल डाग पडत होते ते बघत राहिले. "उद्या सरांना काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"काही सांगू नका. उद्या येऊच नका. स्नेहसंमेलनाला या आणि शेवटच्या रांगेत बसा."

"शेवटच्या का?"

"तिथे शब्द पोचतो की नाही ते मला कुणीतरी सांगायला हवं."

ते हो म्हणाले. आईनं बोळा बदलून दिला. मागे काका उठले, चपला घातल्या, दारात घुटमळले. मी वळून पाहिलं नाही. मला अजून राग होता, आणि तो मला एवढ्यात संपवायचा नव्हता.

"चूक माझी होती," काका म्हणाले.

पण इतकं हळू म्हणाले, की आजोबांनी कानामागे हात धरला. "काय? काय म्हणाला तो?"

"काका," मी बटण पुसत म्हणाले, "मागच्या रांगेत ऐकू नाही आलं."